मुक्या जनावराचे मन आणि माणसाचे मन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. शिक्षणसंस्थेच्या समारंभात शिक्षणावर बोलावे, समाजाच्या अडचणींवर बोलावे. तेथे जनावरांच्या मनाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय परका नाही. आपल्यापैकी कोणाच्या गोठ्यात बैल आहेत, कोणाच्या अंगणात शेळ्या आहेत, कोणाचा दूधदुभत्याचा धंदा आहे. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्याच गावात आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही येथेच आहे. जनावरांशी आपला रोजचा संबंध आहे; मात्र त्या जनावराच्या डोक्यात काय चालते, हा विचार आपण सहसा करीत नाही.

विषय निवडण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. माणसाचे मन जनावराच्या मनाहून नेमके कोठे वेगळे आहे, हे समजले म्हणजे शाळा कशासाठी असते हेही समजते. ते कसे, हे मी शेवटी सांगणार आहे. तोवर आपण थोडे धीराने ऐकावे, अशी विनंती आहे.

जनावराला मन असते काय, असे विचारले की दोन उत्तरे ताबडतोब मिळतात. पहिले उत्तर असे की, जनावर ते जनावर. त्याला कसले मन? भूक लागली की खाते, मारले की पळते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट असते. आमच्या बैलाला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही, असे ते उत्तर. ही दोन्ही उत्तरे देणारी माणसे एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात सापडतात. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

या घाईचे एक उदाहरण आपल्या शेजारीच घडले. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लवूळ नावाचे गाव आहे. २०२१ च्या डिसेंबर महिन्यात या गावाचे नाव देशातच नव्हे तर परदेशातील वर्तमानपत्रांतही झळकले. बातमी अशी होती की, कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड उगविला आणि कुत्र्यांची अडीचशे पिल्ले मारून टाकली. वनखात्याच्या लोकांनी दोन वानरे पकडून नेली. लोकांनी ही बातमी चवीने वाचली. वानरांनी टोळीयुद्ध पुकारले असे कोणी म्हटले, तर कोणी त्यावर विनोद केले.

आता आपण जरा शांतपणे विचार करू. गावकऱ्यांनी डोळ्यांनी काय पाहिले? वानर कुत्र्याचे पिल्लू उचलते, झाडावर किंवा घराच्या माळवदावर नेते, आणि ते पिल्लू पडून किंवा उपाशी राहून मरते. एवढे पाहिले, हे खरे. परंतु ‘सूड’ कोणी पाहिला? सूड ही डोळ्यांनी दिसणारी वस्तू नाही. सूड घ्यायचा तर अमक्याने आपले नुकसान केले हे लक्षात ठेवावे लागते, त्याची जात ओळखावी लागते, त्याची पिल्ले मारली म्हणजे त्याला दुःख होईल हे समजावे लागते, आणि त्या दुःखासाठीच ते कृत्य करावे लागते. वानराच्या मनात या चारही पायऱ्या होत्या, हे कशावरून? सूड घ्यायचाच असेल तर पिल्लू तेथेच मारून टाकता आले असते. ते कडेवर घेऊन वर कशाला न्यायचे? पिल्लू उचलणे, कवटाळणे, हाताळणे ही वानरांची सवयच आहे. वानर पिल्लाला उंचावर नेते; खाली उतरणे पिल्लाला जमत नाही, आणि त्याला दूध पाजणारी आई खालीच राहते. एवढ्यानेही तोच परिणाम होऊ शकतो. अडीचशेचा आकडा तर एका खेड्याच्या मानाने विचार करण्यासारखाच आहे.

वानरांना राग येतच नाही, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपण पाहिले एक आणि सांगितले दुसरे. मधली जागा आपण आपल्या स्वतःच्या मनाने भरून काढली. आपल्याला सूड माहीत आहे, म्हणून आपण तो वानराच्या अंगाला चिकटविला.

हीच चूक मोठमोठ्या विद्वानांकडूनही झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बर्लिन शहरी फॉन ऑस्टेन नावाचे एक सेवानिवृत्त गणितशिक्षक होते. त्यांच्याजवळ हान्स नावाचा घोडा होता. या घोड्याला बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक येतात असे ते सांगत. प्रश्न विचारला की घोडा खूर आपटून उत्तर देई. पाच आणि तीन किती? आठ वेळा खूर वाजे. मास्तरसाहेब प्रामाणिक होते. ते कोणाकडून पैसे घेत नसत. १९०४ साली जाणत्या लोकांची एक समिती बसली आणि तिलाही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कार फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने एक साधी युक्ती केली. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाच माहीत नाही, असे प्रश्न त्याने घोड्याला घालावयास लावले. त्याबरोबर घोड्याचे गणित संपले. विचारणारा माणूस घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तरी तेच झाले. १९०७ साली फुंग्स्टने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याचे डोके किंचित हलत असे, आणि घोडा ते हलणे पाहून थांबत असे.

विद्यार्थीमित्रहो, या गोष्टीचा अर्धाच भाग लोक सांगतात. घोड्याला गणित येत नव्हते, एवढे सांगून ते हसतात. दुसरा अर्धा भाग असा की, जे माणसांनी भरलेल्या समितीला दिसले नाही ते त्या घोड्याला दिसत होते! माणसाच्या मानेची केसभर हालचाल त्याने टिपली होती. त्याला अक्कल नव्हती असे नाही. आपण शोधत होतो ती अक्कल त्याच्याजवळ नव्हती, आणि होती ती आपण शोधत नव्हतो.

याच संदर्भात इंग्रज शास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ साली एक नियम घालून दिला होता. जनावराच्या एखाद्या कृतीचा उलगडा साध्या कारणाने होत असेल, तर तेथे मोठ्या बुद्धीचे कारण जोडू नये, असा त्याचा आशय आहे. मॉर्गन यांच्या कुत्र्याला फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर जाता येत असे. परक्या माणसाला वाटावे, या कुत्र्याला कडीचे तंत्र समजले आहे. परंतु मॉर्गन यांनी ते पहिल्या दिवसापासून पाहिले होते. गजांतून डोके घालता घालता एकदा सहज कडी उचलली गेली, आणि मग हळूहळू सवय लागली. आपल्याकडची शेळीसुद्धा दाराची कडी काढून ज्वारीच्या कणसांपर्यंत पोहोचते. ती कशी शिकली हे पाहिल्याखेरीज तिच्या अकलेचा हिशेब करता येत नाही.

इतके ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे जनावराला काहीच कळत नाही असेच ना? तसेही नाही. आता मी आपल्याच महाराष्ट्रातील एक प्रयोग सांगतो. तो अतिशय साधा आहे, आणि म्हणूनच मला तो फार आवडतो.

आपण सर्वांनी तारेवर बसलेला हिरवा, चिमणीएवढा, लांब चोचीचा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेला पक्षी पाहिला आहे. मराठीत त्याला वेडा राघू म्हणतात. उर्दू-हिंदी बोलणारे पतरंगा म्हणतात. तारेवरून झेप घ्यायची, हवेतच माशी पकडायची आणि पुन्हा तारेवर येऊन बसायचे, असा त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. हा पक्षी झाडावर घरटे बांधीत नाही. गोदावरीच्या किंवा दुधनेच्या काठी मातीच्या दरडी असतात, तशा जागी तो आडवे बीळ कोरतो आणि आत अंडी घालतो. बिळाचे तोंड शत्रूच्या नजरेस पडले की पिल्लांचा घात झालाच म्हणून समजा. म्हणून जवळ कोणी धोक्याचे दिसले की हा पक्षी चोचीत किडा धरून बाहेरच बसून राहतो, बिळात शिरत नाही.

पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील प्राध्यापक मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या सवयीचा उपयोग करून घेतला. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: पक्षी केवळ माणसाला भितो, की त्या माणसाला बीळ दिसते आहे किंवा नाही हेही त्याला कळते? त्यांनी बिळापासून सारख्याच अंतरावर दोन जागा निवडल्या. एका जागेवरून बिळाचे तोंड माणसाला दिसे. दुसऱ्या जागेवरून ते दिसत नसे. पक्षी केवळ माणसाला भिऊन थांबत असेल, तर दोन्ही वेळा त्याने सारखेच थांबावयास हवे होते, कारण माणूस तोच आणि अंतरही तेवढेच. परंतु तसे झाले नाही. माणसाला बीळ दिसत असे तेव्हा पक्षी आत जाण्याचे टाळी. माणसाला बीळ दिसत नसे तेव्हा तो पुष्कळ अधिक वेळा आत जाई. हे काम १९९९ आणि २००२ साली शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

याचा अर्थ काय, ते पाहा. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या वेडा म्हणत आलो, तो पक्षी समोरच्याच्या नजरेचा हिशेब करतो. मी काय पाहतो एवढेच त्याला पुरत नाही. तो काय पाहतो, याकडेही त्याचे लक्ष असते. माणसाचे मूलदेखील हे उपजत घेऊन येत नाही. लहान मूल स्वतःचे डोळे झाकते आणि समजते की आता मी कोणाला दिसत नाही!

मात्र मॉर्गन यांचा नियम येथेही विसरून चालणार नाही. पक्षी खरोखर माणसाच्या मनात काय आहे याची कल्पना करतो, की शत्रू आणि बीळ यांच्यामध्ये आडोसा असला तर जावे, नसला तर थांबावे, एवढाच धडा त्याच्या अंगवळणी पडला आहे? या प्रश्नावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. खुद्द चिंपँझीच्या बाबतीत हा प्रश्न १९७८ साली प्रिमॅक आणि वुडरफ या दोघांनी विचारला, आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. परंतु दोन्हींपैकी कोणतेही उत्तर घेतले, तरी ‘जनावर म्हणजे चावी दिलेले यंत्र’ ही समजूत टिकत नाही.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न युरोपातून आलेला आहे असे समजू नका. हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसूरींनीही त्यावर विचार केला आहे. इब्न सिना (९८० ते १०३७) हे वैद्यकाचे महान पंडित होते. त्यांनी विचारले: मेंढी लांडग्याला पाहून पळते. तिला लांडग्याचा रंग दिसतो, आकार दिसतो. परंतु ‘वैर’ हे काही डोळ्यांना दिसत नाही. मग तिला ते कळते कसे? यासाठी त्यांनी जनावरांमध्ये एक स्वतंत्र शक्ती मानली आणि तिला ‘वहम’ हे नाव दिले. आज आपण वहम म्हणजे संशय समजतो. त्यांच्या लेखी तो शास्त्रीय शब्द होता. जनावराला केवळ दिसते असे नाही, त्याला दिसण्यापलीकडचा अर्थही लागतो, हे त्यांनी मान्य केले. मात्र सर्वसामान्य तत्त्व ओळखणारी बुद्धी, म्हणजे ‘अक्ल’, ही माणसापाशीच आहे, असे त्यांचे मत होते.

त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, बसरा येथे ‘इख्वान उस् सफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने एक नवलाची कथा लिहिली. तीत सारी जनावरे जिन्नांच्या बादशहाकडे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जातात. माणूस म्हणतो, आम्ही मालक, हे गुलाम. बादशहा विचारतो, पुरावा काय? माणूस एकामागून एक कारणे सांगतो आणि जनावरे प्रत्येक कारण खोडून काढतात. कारागिरी म्हणाल तर मधमाशीची पाहा; राज्यकारभार म्हणाल तर तोही तिच्याकडे आहे. शेवटी निकाल माणसाच्या बाजूने लागतो खरा. पण तो त्याच्या ताकदीवर किंवा हुशारीवर लागत नाही. मरणानंतरचे जीवन आणि तेथला हिशेब माणसासाठी आहे, आणि त्याच्यात पैगंबर व साधुसंत झाले, यावर तो लागतो. म्हणजे श्रेष्ठत्व मिळाले ते जबाबदारीसकट मिळाले. १८१० साली मौलवी इक्राम अली यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी या कथेचे उर्दू भाषांतर केले, आणि पुढे कित्येक वर्षे उर्दू शिकणारे ते वाचत असत. कुराणशरीफमधील सुरांची नावे पाहिली तरी मधमाशी, मुंगी, कोळी यांची आठवण ठेवलेली दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस आणि जनावर यांच्या मनांत फरक आहे, तो थोड्याफार प्रमाणाचा की मुळातलाच? १८७१ साली चार्ल्स डार्विन यांनी लिहिले की, तो फरक कितीही मोठा असला तरी प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. याच्या उलट, २००८ साली काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, येथे डार्विन चुकले असे स्पष्ट म्हटले. त्यांच्या मते जनावराला वस्तू दिसतात, सारखेपणाही दिसतो. परंतु नात्यांमधील नाते, म्हणजे न दिसणारे कारण, नियम, दृष्टांत, हे फक्त माणसालाच कळते. हा वाद मिटलेला नाही. मी येथे न्यायाधीश होऊन बसणार नाही. परंतु फरक कोठे शोधावा, याबद्दल दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात.

पहिली गोष्ट सुगरण पक्ष्याची. आपल्या देशातील पक्ष्यांचा अभ्यास ज्यांनी घडविला ते डॉ. सालिम अली मुंबईचे, १८९६ साली जन्मलेले. १९३० च्या सुमारास त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले होते आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा करून तासन्‌तास त्यांचे निरीक्षण केले. घरटे विणणारा तो नर असतो, हे त्यांना आढळले. तो अनेक घरटी अर्धी विणून ठेवतो. माद्या येऊन तपासतात. पसंत पडले तर घरटे पुरे होते आणि मादी तेथे नांदू लागते. मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो. पुढे १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता.

सुगरणीचे विणकाम पाहून आपण थक्क होतो, आणि व्हावेच. कोवळ्या नराचे पहिले विणकाम ओबडधोबड असते आणि सरावाने सुधारते, हेही अशा विणकर पक्ष्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे तेथेही शिकणे आहे. परंतु सालिम अलींनी जे घरटे पाहिले तसेच घरटे आज आपल्या विहिरीवरच्या बाभळीला लोंबते आहे. एका नराने काही सुधारणा शोधली, ती शेजाऱ्याने उचलली, त्याच्या पोराने तीत भर घातली, असे होत नाही. जपानमध्ये कोशिमा बेटावर १९५३ साली एका माकडिणीने रताळे पाण्यात धुऊन खाण्यास सुरुवात केली आणि ती रीत कळपात पसरली. म्हणजे जनावरांतही चालीरीती पडतात. पण रताळे धुण्याच्या पुढे फार मोठी मजल गेली नाही. उलट माणसाने मातीच्या पाटीवरून कागद केला, कागदावरून छापखाना केला. एकाच्या डोक्यातले हजारोंच्या डोक्यात गेले आणि मेल्यावरही शिल्लक राहिले.

दुसरी गोष्ट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाची. जर्मनीतील संशोधकांनी १०६ चिंपँझी, ३२ ओरांगउटान आणि अडीच वर्षे वयाची १०५ माणसांची मुले यांना एकाच प्रकारची कोडी घातली. वस्तू कोठे लपविली, अधिक कोठे आणि कमी कोठे, कोणत्या काठीने खाऊ ओढता येईल, अशा प्रश्नांत आपली मुले आणि चिंपँझी जवळजवळ बरोबरीत आले. ऐका बरे, बरोबरीत! पण दुसऱ्याने करून दाखविलेले पाहून तसे करणे, बोटाचा इशारा समजणे, दुसऱ्याचा हेतू ओळखणे, अशा प्रश्नांत मुले फार पुढे निघून गेली. नळीतून वस्तू कशी काढावी हे करून दाखविले, तर पुष्कळ मुलांनी तसेच केले. वानरांनी आपापला मार्ग चोखाळला आणि बहुतेक अडकले.

याचा अर्थ मी असा लावतो. माणसाचे मूल जन्मतः फार हुशार असते म्हणून माणूस झाले, असे नाही. ते शिकविले जाऊ शकते, म्हणून माणूस झाले. त्याचे मोठेपण त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाही. ते दोन डोक्यांच्या मध्ये, शिकविणारा आणि शिकणारा यांच्या नात्यात आहे. सुगरणीचे पिल्लू शाळेत गेले नाही तरी सुगरणच होते. माणसाच्या मुलाचे तसे नाही. त्याला कोणी बोललेच नाही तर त्याला भाषा येत नाही. त्याला कोणी शिकविलेच नाही तर मागच्या शेकडो पिढ्यांची कमाई त्याच्या हाती लागत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. न शिकलेला माणूस कमी दर्जाचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या आईला सही येत नाही तिनेच मुलाला पहिला शब्द शिकविलेला असतो. सुतार, लोहार, विणकर, हे आपल्या पोराला हाताला धरून शिकवितात, तेही शिक्षणच आहे. शिवाय माणसाचा मान त्याच्या बुद्धीवर मोजावयाचा नसतो. मतिमंद मुलाचाही तो तेवढाच असतो. प्रश्न मानाचा नाही, हक्काचा आहे. मानवजातीने जे जमविले, त्यातला वाटा प्रत्येक मुलाचा आहे. तो त्याला मिळतो किंवा मिळत नाही, हे त्याच्या हातात नसते. आपल्या हातात असते.

म्हणून पालकहो, मला आपल्याला थेट विचारावयाचे आहे. ऊसतोडीच्या हंगामात मुलाला कोयत्याबरोबर नेले जाते. दहा-बारा वर्षांचा मुलगा गॅरेजवर किंवा पानपट्टीवर बसविला जातो. मुलगी सातवी झाली की, आता पुरे, असे म्हटले जाते. अडचणी मला माहीत आहेत. पोट आहे, भाडे आहे, बदनामीची भीती आहे. तरीही विचार करा. जी एक गोष्ट माणसाच्या मुलाला इतर सर्व प्राण्यांहून वेगळी म्हणून मिळाली आहे, नेमकी तीच आपण मध्येच तोडतो. आणि मुलीची शाळा तोडली तर एकीचीच तुटत नाही. जी उद्या शिकविणार आहे, तिचीच तुटते.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हालाही सांगावयाचे आहे. उत्तर पाठ करून परीक्षेत उतरवून काढणे म्हणजे हान्स घोड्याचे गणित आहे. मास्तरांच्या मानेकडे पाहून खूर थांबविला, टाळ्या मिळाल्या. पण मास्तर नसतील तेथे काय? पाठांतर जरूर करा, पण पाठ केलेल्याचा अर्थ विचारा. ‘का’ हा प्रश्न वेडा राघू विचारीत नाही. तो तुम्ही विचारू शकता. आणि बातमी वाचाल तेव्हा लवूळची आठवण ठेवा. पाहिले काय आणि जोडले काय, हे वेगळे करावयास शिका. शेजारच्या माणसाविषयी, दुसऱ्या समाजाविषयी काही ऐकाल तेव्हा तर ही सवय फारच उपयोगी पडेल.

शेवटचा मुद्दा जनावरांविषयीचा. फरक आहे म्हणून जनावराला वाटेल तसे वागवावे, असा अर्थ निघत नाही. २०१२ च्या जुलैमध्ये केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केले की, सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या मेंदूंतही जाणीव निर्माण करणारी रचना आहे. वेदना, भीती, पिल्लाची ओढ, ही त्यांनाही आहेत. आपल्या देशात जनावरांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० सालापासून आहे. पण कायद्याच्याही पूर्वीपासून आपल्या घरांत तहानलेल्या कुत्र्याला पायताणातून पाणी पाजणाऱ्याची हकिकत सांगितली जाते. जनावराच्या देखत सुरीला धार लावू नये, ही शिकवणही आपण ऐकलेली आहे. जरा विचार केला तर कळेल की, ही शिकवण जनावराला पाहता येते, समजते आणि भय वाटते, हे धरूनच चालते. मग भरल्या गाडीच्या बैलाला पराणी टोचताना, टेम्पोत शेळ्या कोंबताना, पोरांनी कुत्र्यावर दगड भिरकावताना हे आपल्याला का आठवू नये?

बैलाला आपल्याविषयी काय वाटते हे तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीने विचार करणे आपल्यालाच शक्य आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, ही आपल्या मनाची मोठी शक्ती आहे. जो ती वापरीत नाही, त्याने श्रेष्ठत्वाचा दावा कोणत्या तोंडाने करावा? जिन्नांच्या बादशहासमोर माणसाला निकाल मिळाला तो हिशेबाच्या अटीवर मिळाला, हे मी सांगितलेच आहे.

 संस्थेच्या कार्यास यश लाभो, या वर्गांतून शिकणारी मुले-मुली पुढच्या पिढीला शिकविणारी होवोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.